जुन्या सायकलीची पारख

[जुनी वस्तू पाहून लोभावणे सोपे असते. ती पारखून घेणे आणि आपल्या हातांनी पुन्हा चालती करणे यांस मात्र ज्ञान, धीर आणि सचोटी लागते. या पाठात जुन्या काळ्या सायकलीच्या उदाहरणाने हीच गोष्ट समजावून दिली आहे. पाठ वाचताना शक्य तर एखादी सायकल समोर उभी करावी.]

‘जुने ते सोने’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. आणि ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ अशी दुसरीही म्हण आहे. जुनी सायकल विकत घ्यावयास निघालेल्या माणसाने या दोन्ही म्हणी सोबत न्याव्यात. पहिली त्याचा उत्साह टिकवील, दुसरी त्याला सावध ठेवील. यांपैकी एकीलाच धरून चालणारा माणूस एक तर काहीच विकत घेत नाही, नाही तर नको ते घरी घेऊन येतो.

जुनी सायकल दुरुस्त होऊ शकते, याचे कारण तिच्या इतिहासात आहे. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांचे एक लाकडी वाहन चालवून दाखविले. त्याला पायडल नव्हते. बसणाऱ्याने पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जावयाचे. १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडले आली. मग वेग वाढविण्याच्या हव्यासाने ते चाक वाढत वाढत पुरुषभर उंचीला जाऊन पोचले आणि तोंडघशी पडण्याची भीती स्वाराच्या पाचवीला पुजली गेली. अखेर १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल बनविली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि मागच्या चाकाला साखळीने गती मिळत होती. पुढे तीनच वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. सायकलीची मूळ घडण तेव्हापासून फारशी बदललेली नाही. जे यंत्र शंभर वर्षे आपला आकार टिकवून आहे, त्याचे भाग पन्नास वर्षांनंतरही जुळतात, यात नवल नाही.

आपल्याकडे आरंभी सायकली विलायतेहून येत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकली विकण्याचे व दुरुस्त करण्याचे दुकान काढले होते. स्वातंत्र्याच्या सुमारास आणि त्यानंतर हा धंदा भारतात चांगलाच रुजला. मुंबईची हिंद, आसनसोलजवळची सेन-रॅले, मद्रासची टी. आय., सोनीपतची अ‍ॅटलस, लुधियानाची हीरो अशा कारखान्यांतून लाखो काळ्या सायकली बाहेर पडल्या. दूधवाले, पोस्टमन, गिरणीकामगार, शिक्षक, कारकून या सर्वांचे ते वाहन होते. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. पूर्वी नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून बिल्ला देत. असा बिल्ला अजूनही एखाद्या जुन्या सायकलीला लटकलेला आढळतो. पुढे मोटारसायकली आल्या, सायकली मागे पडल्या. अ‍ॅटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्यातले काम २०२० सालच्या जूनमध्ये थांबले. परंतु त्या काळच्या सायकली संपल्या नाहीत. वाड्याच्या जिन्याखाली, गोठ्याच्या भिंतीला टेकून, भंगारवाल्याच्या ढिगाऱ्यात त्या आजही उभ्या आहेत आणि कोणी तरी हात लावण्याची वाट पाहत आहेत.

नवशिक्याने आरंभ करावा तो अशाच काळ्या सायकलीपासून. तिला गिअरांची गुंतागुंत नसते. तिचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि दोन-चार पान्यांनी सुटतो. याच घडणीच्या सायकली पुढेही दीर्घकाळ बनत राहिल्यामुळे तिचे टायर, ट्यूब, साखळी, छर्रे आणि ब्रेकचे रबर यांसाठी फार वणवण करावी लागत नाही. उलट एखादी दुर्मिळ परदेशी सायकल शोभेला कितीही सुंदर असली, तरी तिच्या एका स्क्रूसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते. पहिला धडा सोपा असावा. अवघड धडे पुढे आहेतच.

आता समजा, आठवड्याच्या बाजारात तुमच्यापुढे दोन सायकली उभ्या आहेत. पहिलीवर ताजा काळा रंग चमकतो आहे, मुठी नव्या आहेत, घंटी खणखणीत वाजते आहे. दुसरीवर तांबूस गंज चढला आहे, टायर कुजले आहेत, सीटचे चामडे सुकले आहे. विकणारा पहिलीचे दुप्पट पैसे मागतो. कोणती घ्यावी? या प्रश्नाचे उत्तर दुरून देता येत नाही. खाली बसून, हात लावून, क्रमाने तपासणी करावी लागते.

तपासणीचा आरंभ नेहमी सांगाड्यापासून, म्हणजे फ्रेमपासून करावा. चाक बदलता येते, साखळी बदलता येते, सीट बदलता येते. परंतु फ्रेम बदलली तर सायकलच बदलली. हँडलाखाली जी उभी आखूड नळी असते, तिच्या लगत मागे वरची आडवी नळी आणि खालची तिरपी नळी येऊन मिळतात. या दोन नळ्यांच्या खालच्या अंगावरून बोट फिरवावे. तेथे कापडाच्या चुणीसारखी सुरकुती लागली, तर ती सायकल कधी तरी समोरून जोराने आदळली आहे असे समजावे. रंग डोळ्यांना फसवू शकतो, बोटाला फसवू शकत नाही. त्यानंतर सायकल बाजूने पाहावी. पुढच्या फोर्कचा वरचा सरळ भाग हँडलाच्या नळीच्या रेषेतच खाली उतरला पाहिजे आणि शेवटी त्याला पुढे झुकणारा बाक असला पाहिजे. तो मागे ढकलल्यासारखा दिसला, तर त्यालाही धडक बसलेली आहे. शेवटी नळ्यांचे सांधे पाहावेत. या फ्रेमचे सांधे पितळाने जोडलेले असतात. तेथे केसासारखी बारीक भेग दिसली, तर पुढे काहीही तपासू नये. आभार मानून उठावे.

फ्रेम एका अंगाला पिळली आहे की काय, हे कळण्यास एक साधी युक्ती आहे. तिला लांब दोरीखेरीज काही लागत नाही. मागचे चाक ज्या दोन खाचांत बसते, त्यांपैकी उजव्या खाचेला दोरीचे एक टोक बांधावे. दोरी पुढे नेऊन हँडलाखालच्या नळीला वळसा घालावा आणि परत आणून डाव्या खाचेला ताणून बांधावी. आता सीटखालची उभी नळी या दोन समांतर दिसणाऱ्या दोऱ्यांच्या मध्ये येते. तिच्यापासून उजव्या दोरीचे आणि डाव्या दोरीचे अंतर पट्टीने मोजावे. दोन्ही अंतरे सारखी असतील, तर फ्रेमचा मागचा भाग सरळ आहे. दोहोंत एक-दोन मिलिमीटरांचा फरक चालेल. त्याहून अधिक असेल, तर सायकल सरळ धावणार नाही. शाळेत शिकलेली भूमिती बाजारात कामास येते, ती अशी.

यानंतर फिरणारे भाग पाहावेत. चाक उचलून गरकन फिरवावे आणि ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवावी. रिम डावीउजवीकडे झुलत असेल, तर चाकाला ‘आउट’ आहे असे कारागीर म्हणतात. थोडा आउट तारा कमी-अधिक ताणून काढता येतो. परंतु रिमलाच खोच पडली असेल किंवा तारांच्या छिद्रांभोवती गंजाने पोखरले असेल, तर रिम बदलावी लागते. नवी रिम घेताना छिद्रे मोजण्यास विसरू नये. या सायकलींच्या पुढच्या चाकाला बहुधा ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात. मागच्या चाकावर अधिक भार येतो, म्हणून ही योजना.

मग एक क्रँक हातात धरून आत-बाहेर हलवून पाहावी. दोन्ही क्रँका मिळून हलल्या, तर दोष मधल्या आसाच्या छऱ्यांत किंवा वाट्यांत आहे. एकटीच हलली आणि दुसरी स्थिर राहिली, तर तिची कॉटर, म्हणजे पाचरीसारखी खीळ, झिजली आहे. कॉटर स्वस्त असते. वाट्या आणि आस यांना त्याहून अधिक खर्च येतो. एकाच हालचालीवरून दोन निराळ्या रोगांचे निदान होते. वैद्याने नाडी पाहावी, तसेच हे आहे.

साखळीची झीज पट्टीने कळते. तिच्या दोन लागोपाठच्या खिळ्यांमधील अंतर मुळात अर्धा इंच असते. म्हणून साखळी ताणून धरून एका खिळ्याच्या मध्यापासून चोविसाव्या कडीअखेरच्या खिळ्याच्या मध्यापर्यंत मोजले, तर बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. १२ इंचांवर एक-सोळांश इंच वाढले असेल, तर साखळी बदलण्याची वेळ झाली. एक-अष्टमांश वाढले असेल, तर तिने दातेही झिजविले असतील; मग एकटी साखळी बदलून भागत नाही. झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी घसरते आणि नेमकी चढणीवर, सारा भार पायडलावर असतानाच घसरते.

आणखी एक तपासणी नवशिके हमखास विसरतात. सीटची दांडी आणि हँडलाची दांडी वर-खाली सरकते की नाही, हे पाहून घ्यावे. वर्षानुवर्षे न हललेली दांडी गंजाने नळीतच घट्ट बसते. ती सुटली नाही, तर सायकल आपल्या उंचीला जुळत नाही आणि सारी मेहनत वाया जाते. उंचीचा विचार तर आधीच करावा. आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंस पाय टाकून उभे राहिल्यावर नळी आणि शरीर यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. २४ इंची फ्रेम उंच माणसासाठी असते. ती वाढत्या वयाच्या मुलाने केवळ सुंदर आहे म्हणून घेऊ नये.

अशी तपासणी केल्यावर त्या दोन सायकलींचे काय झाले? पहिलीच्या ताज्या रंगाखाली बोटाला सुरकुती लागली. दुसरीच्या नळ्या सरळ होत्या, क्रँका घट्ट होत्या आणि गंज पुसल्यावर खाली मूळचा काळा मुलामा आणि त्यावरील सोनेरी रेघा दिसू लागल्या. गंज दोन प्रकारचा असतो. वरवरचा गंज घासल्याने जातो. धातू पोखरून खड्डे पाडणारा गंज जात नाही. दुसरीवरचा गंज पहिल्या प्रकारचा होता. पहिलीचा दोष झाकलेला होता, दुसरीचे दोष उघडे होते. उघडा दोष हा झाकलेल्या दोषापेक्षा नेहमीच स्वस्त पडतो.

सायकल पसंत पडली, तरी भाव ठरविण्यापूर्वी थोडे थांबावे. मागितलेली किंमत हा खर्चाचा केवळ पहिला आकडा आहे. वहीच्या एका पानावर बदलावे लागणारे सर्व भाग लिहावेत, दुकानात जाऊन त्यांचे भाव विचारून यावे आणि बेरीज करावी. ब्रेकचे रबर, छर्रे, कॉटर, व्हॉल्व्ह यांना थोडेच पैसे पडतात. टायर-ट्यूब, रिम, फ्रीव्हील, साखळी यांचा बोजा मोठा असतो. ही बेरीज आणि मागितलेली किंमत मिळून आपल्या ऐपतीबाहेर जात असेल, तर मोह आवरावा. अर्ध्यावर सोडलेली सायकल ही पुन्हा भंगारच होते.

याच वेळी सचोटीच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, सायकल कोणाची आहे याची खात्री करून घ्यावी. फ्रेमवर कोरलेला क्रमांक पाहावा. तो घासून काढलेला असेल, विकणारा आपले नाव-गाव सांगण्यास कचरत असेल किंवा भाव अगदीच कवडीमोल असेल, तर तो माल चोरीचा असू शकतो. विक्रीची पावती घ्यावी, तीवर क्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात. दुसरी गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. कधी कधी घरातले कर्ते माणूस गेल्यावर त्याची सायकल विकावयास निघते आणि विकणाऱ्या आजींना तिची किंमत ठाऊक नसते. घेणाऱ्याला मात्र ती ठाऊक असते. अशा वेळी दुसऱ्याच्या अज्ञानाचा लाभ उठवू नये. ज्याला पारख करता येते, त्याच्यावर रास्त भाव देण्याची जबाबदारीही येते. पारख हे केवळ स्वतःच्या बचावाचे साधन नव्हे.

सायकल घरी आली की, ती लगेच खोलावयास बसू नये. प्रथम चारी बाजूंनी तिची छायाचित्रे काढावीत आणि प्रत्येक सांध्याची आकृती वहीत काढावी. छायाचित्र काय होते ते दाखविते. आकृती काढताना ते तसे का होते, हेही ध्यानात येते. नंतर मोठ्यांपैकी कोणाला तरी सोबत घेऊन कामास आरंभ करावा. योग्य मापाचे पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर, लाकडी हातोडी, तारांची किल्ली, टायर काढण्याचे चमचे, रॉकेल, तेल, ग्रीस आणि जुनी फडकी एवढे साहित्य पुरते. रॉकेल वापरताना जवळपास चूल, दिवा अथवा काडेपेटी असू नये, खोलीत वारा खेळता असावा आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

गंजलेल्या नटावर एकदम जोर करू नये. त्यावर तेल सोडून रात्रभर थांबावे. जरूर तर पुन्हा तेल सोडून आणखी एक दिवस थांबावे. घाईने फिरविलेल्या पान्याने नटाच्या कडा गोल होतात आणि मग तो कोणालाच दाद देत नाही. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बहुतेक सर्व नट उलट दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, फिरविल्याने सुटतात. परंतु डाव्या बाजूचे पायडल त्याला अपवाद आहे. त्याचे आटे उलटे असल्यामुळे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविल्यावर सुटते. चालविताना पायडल आपोआप सैल होऊन गळू नये, म्हणून कारागिरांनी ही योजना केली आहे. हे ठाऊक नसलेला माणूस ते सोडविण्याच्या नादात अधिकच घट्ट करून बसतो.

छर्रे काढताना खाली थाळी ठेवावी आणि ते मोजून कागदावर आकडा लिहावा. मधल्या आसाच्या दोन्ही बाजूंस बहुधा पाव इंची अकरा-अकरा छर्रे असतात. ते रॉकेलने धुऊन उजेडात धरावेत. एकावर जरी खड्डा दिसला, तरी त्या बाजूचे सगळे बदलावेत. कारण जुन्या-नव्या छऱ्यांवर भार सारखा पडत नाही. वाट्यांत नवे ग्रीस भरून छर्रे त्यात बसवावेत आणि सांधा आवळावा. तो इतकाच आवळावा की, आस बोटांनी सहज फिरावा, पण हलू नये. फार घट्ट केले तर छर्रे चिरडतात, फार सैल ठेवले तर वाट्या झिजतात. हा मध्य पुस्तक वाचून सापडत नाही. हातालाच तो कळावा लागतो, आणि आठ-दहा वेळा चुकल्यावर कळतो. सगळी सायकल अशी उघडून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जोडण्याच्या कामाला आपले सायकलवाले ‘ओव्हरऑयलिंग’ म्हणतात.

चाकाचा आउट काढताना तारेचे नट एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नयेत. रिम उजवीकडे झुकली असेल, तर त्या ठिकाणच्या डाव्या बाजूच्या तारा किंचित ताणाव्यात आणि उजव्या बाजूच्या तितक्याच ढिल्या कराव्यात. चाक फिरवावे, पाहावे, पुन्हा थोडे फिरवावे. येथे बळाचे काम नाही, नजरेचे आहे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. या सायकलींचे ब्रेक लोखंडी दांड्यांनी ओढले जातात आणि रबर रिमवर दाबले जाऊन चाक थांबते. रबर नवे घालावे, दांड्यांचे सगळे सांधे घट्ट करावेत आणि चकचकीत लोखंडी रिम पावसात ओली झाली की, ब्रेक उशिरा लागतो, हे कायमचे ध्यानात ठेवावे. रंग राहून गेला तर सायकल कुरूप दिसेल. ब्रेक राहून गेला तर उतारावर स्वतःचा आणि रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या निरपराध माणसाचाही जीव धोक्यात येईल. म्हणून दुरुस्ती पुरी झाल्यावर प्रथम सायकल हाताने ढकलीत न्यावी आणि दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत. नंतर मोकळ्या मैदानात सावकाश चालवावी आणि सर्व नट पुन्हा एकदा आवळावेत. मगच रस्त्यावर यावे.

रंगाविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. नवशिक्याला सर्वांत आधी रंगाचा डबा आठवतो. परंतु मूळचा मुलामा, सोनेरी रेघा आणि कारखान्याचे चिन्ह ही त्या सायकलीची जन्मपत्रिका असते. ती एकदा पुसली की परत लिहिता येत नाही. साध्या पाण्याने धुऊन, मऊ फडक्याने तेलाचा पुसट हात फिरविला, तरी पुष्कळदा ती उजळते. मुलामा दिलेल्या रिमवरचा व हँडलवरचा वरवरचा गंज पाण्यात बुडविलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ कागदाने घासल्यास निघून जातो. म्हातारपणाच्या खुणा लपवाव्यात असे काही त्यांत नाही.

काही कामे मात्र जाणत्या कारागिराकडेच न्यावीत. अडकलेली कॉटर ठोकून काढणे, फ्रीव्हील उतरविणे, वाकलेला फोर्क पारखणे ही ती कामे होत. नाक्यावरच्या लहानशा दुकानात बसणारा सायकलवाला पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधतो, तेव्हा त्याच्या नजरेत कित्येक वर्षांचा अनुभव असतो. त्याला ‘काका, हे कसे केलेत?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. तो बहुधा आनंदाने सांगतो. कारण कामाचे पैसे देणारे पुष्कळ भेटतात, काम शिकू पाहणारे थोडे.

दुरुस्त झालेली सायकल हातात आली की, तिचे गणितही करून पाहावे. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे ८८ इंच भरतो. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच फेरे घेते आणि सायकल सुमारे १८ फूट पुढे जाते. पायी चालणारा माणूस दोन पावलांत पाच फूटच जातो. स्वतःच्याच बळावर माणसाला इतके पुढे नेणारे आणि तरीही पेट्रोल, वीज, चारा यांपैकी काहीच न मागणारे असे वाहन दुसरे क्वचितच सापडेल.

बेळगावच्या त्या सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेली लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाटचाल पुढे चारा कापण्याच्या यंत्रांकडे, लोखंडी नांगराकडे आणि १९१० साली स्थापन झालेल्या किर्लोस्करवाडीकडे गेली. सायकल दुरुस्त करणारा प्रत्येक जण कारखानदार होईल, असे नव्हे. तसे होण्याची गरजही नाही. परंतु ज्याने एकदा एखादे यंत्र खोलून, समजून घेऊन, पुन्हा नीट जोडले आहे, तो माणूस बंद पडलेल्या वस्तूकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो. ती टाकून देण्यापूर्वी ‘हिला नेमके काय झाले आहे?’ असा प्रश्न तो विचारतो. हा प्रश्न विचारण्याची सवय हीच त्या जुन्या सायकलीची खरी किंमत होय.

शब्दार्थ

पारख – गुणदोष ओळखण्याची शक्ती. सचोटी – प्रामाणिकपणा. पाचवीला पुजणे – कायमचे मागे लागणे. मुलामा – वर चढविलेला चकचकीत थर. आस – ज्याभोवती चाक फिरते तो दांडा. आटे – स्क्रूवरील वळसेदार खाचा. कवडीमोल – अगदी क्षुल्लक किमतीचे. निदान – रोगाचे कारण ओळखणे. दाद न देणे – वठणीवर न येणे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) जुन्या सायकलीची तपासणी फ्रेमपासून का सुरू करावी?
(आ) क्रँक हलवून पाहिल्याने कोणत्या दोन दोषांतील फरक कळतो?
(इ) डाव्या पायडलाचे आटे उलटे का असतात?

२. ‘उघडा दोष हा झाकलेल्या दोषापेक्षा नेहमीच स्वस्त पडतो.’ हे विधान पाठातील दोन सायकलींच्या आधारे स्पष्ट करा. माणसांच्या बाबतीतही ते खरे आहे काय, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. विकणाऱ्याला वस्तूची किंमत ठाऊक नसेल, तर घेणाऱ्याने काय करावे असे लेखकाला वाटते? तुमचे मत सकारण सांगा.

४. पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्याला १६ दाते आणि चाकाचा परीघ ८८ इंच असेल, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल किती फूट पुढे जाईल?

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पाचवीला पुजणे, मोह आवरणे, दाद न देणे, वणवण करणे.

६. पुढील वाक्यांतील उभयान्वयी अव्यये ओळखा.
(अ) रंग राहून गेला तर सायकल कुरूप दिसेल.
(आ) सायकल पसंत पडली, तरी भाव ठरविण्यापूर्वी थोडे थांबावे.

७. उपक्रम : आपल्या गावातील सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला भेटा. तो वापरीत असलेल्या हत्यारांची नावे व त्यांचे उपयोग विचारून घ्या आणि त्यांविषयी दहा ओळी लिहा.